सिद्राम, सिदू, सिद्ध्या, सिद्रामअण्णा: सोलापुरात नव्यानं आलेल्यांसाठी हाक मारण्याचा मार्गदर्शक

बदली होऊन, शिकायला किंवा लग्न होऊन सोलापुरात आलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर जाणवते: इथं एका माणसाची तीन-चार नावं चालू असतात. बँकेत सिद्राम, आईच्या तोंडी सिदू, गल्लीतल्या सोबत्यांना सिद्ध्या आणि वयानं लहान असलेल्यांना सिद्रामअण्णा. नाव कानावर पडलं म्हणून ते आपणही घ्यावं, असं मात्र नसतं. कुणी कुठलं घ्यायचं हे ठरलेलं असतं आणि ते कुणी बसून समजावत नाही. त्यात हे गाव मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणारं. एका भाषेतलं लाडाचं नाव शेजारच्या भाषेत वेगळ्याच नात्याचं नाव निघतं. म्हणून हे सगळं जरा क्रमानं घेऊ.

पहिली पायरी: नाव नको, नातं घ्या

ओळख नसलेल्या माणसाला नावानं हाक मारू नका, लाडक्या नावानं तर नाहीच. नात्याचा शब्द घ्या आणि क्रियापद आदरार्थी ठेवा. लक्ष्मी मंडईत भाजीवाल्या बाईंना ‘अक्का’ किंवा ‘मावशी’, रिक्षावाल्यांना ‘मामा’ किंवा ‘दादा’, दुकानदाराला ‘अण्णा’ किंवा ‘शेठ’, वयस्क आणि मानाच्या माणसाला ‘मालक’. ‘मालक’ ऐकून दचकायचं कारण नाही, त्यात नोकर-धन्याचा भाव नसतो, मान असतो.

मराठी मुलखाच्या इतर भागांतून आलेले लोक इथं ‘अक्का’ म्हणायला बिचकतात, कारण त्यांच्याकडे हा शब्द जुन्या पिढीतच राहिला. सोलापुरात तो रोजचा आहे. कन्नडमध्ये आणि तेलुगूत अक्का म्हणजे मोठी बहीण, त्यामुळे तिन्ही भाषांच्या बाईला तो शब्द आपला वाटतो. निवडणुकीच्या प्रचारात ‘ताई माई अक्का’ ही हाक पिढ्यान् पिढ्या चालली ती उगाच नाही.

वयाचा अंदाज चुकला तर नेहमी खालच्या बाजूला चुकवा. पन्नाशीच्या बाईंना ‘आजी’ म्हटलं तर भाव कमी होणार नाही, उलट वाढेल. तिथं ‘मावशी’ चालतं, चाळिशीच्या आत ‘ताई’. शाळेतल्या शिक्षिकेला ‘बाई’ म्हणणं पूर्ण आदराचं आहे. पण रस्त्यावरच्या अनोळखी स्त्रीला ‘ओ बाई’ म्हणालात तर तेच उर्मट वाटतं, कारण तिथं ते नातं जोडत नाही, नुसतं बोट दाखवतं. दवाखान्यात आणखी काळजी घ्या: ‘मावशी’ हा तिथं कामाचा हुद्दा झाला आहे, म्हणून परिचारिकेला ‘सिस्टर’च म्हणा.

क्रियापदाशेवटी येणारा ‘की’ शिकून घ्या. ‘या की अक्का’, ‘बसा की मामा’, ‘द्या की ओ’. प्रमाण मराठीत हा ‘की’ वाक्ये जोडतो, सोलापुरात तो आग्रह आणि माया दोन्ही आणतो. नवख्यानं लाडकं नाव न वापरता आपलेपणा दाखवायचा हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे.

नाव छोटं कसं होतं

आता घडण पाहू. मराठी लाडकं नाव बहुतेक वेळा दोन अक्षरांचं असतं. मूळ नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, दुसऱ्या अक्षरातलं व्यंजन त्याला लावायचं, आणि शेवटी स्वर जोडायचा. विजय: वि, ज, आणि ‘ऊ’ लावला की विजू, ‘या’ लावला की विज्या. संजय, संजू. दत्तात्रय, दत्तू. नारायण, नारू किंवा नाऱ्या. जोडाक्षर सुरुवातीला असेल तर ते बहुधा सुटतं: प्रकाशचा पक्या होतो, श्रीकांतचा शिऱ्या. लिहिताना ‘नाऱ्या’, ‘शिऱ्या’ यांतला र अर्धा, आडवा लिहायचा. ‘नार्या’ असं लिहिलं की वाचणारा अडखळतो.

सोलापूरची म्हणून जी नावं तुम्हाला रोज भेटतील ती याच साच्यात बसतात. सिद्धेश्वराच्या या गावात सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्राम ही नावं घरोघरी आहेत. त्यांचं सिद्धू, सिदू होतं. मल्लिनाथ असेल तर मल्लू, बसवराजचा बसू, शिवानंदचा शिवू, नागनाथचा नागू. पूर्वभागात, म्हणजे साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या विणकरांच्या वस्तीत, श्रीनिवासचा श्रीनू होतो आणि व्यंकटेशचा व्यंकू. पंढरपूर याच जिल्ह्यातलं, तिथला देवसुद्धा विठ्ठलाचा विठू, विठोबा आणि विठाई झालेला आहे. ज्ञानोबा, तुकोबा, खंडोबा यांतला ‘बा’ हा एकाच वेळी आदर आणि जवळीक दाखवणारा प्रत्यय आहे. माणसांना तो आता क्वचितच लावतात, देवाला आणि संतांना मात्र आवर्जून.

‘ऊ’ आणि ‘या’: इथंच बहुतेकांचं चुकतं

दोन्ही प्रत्ययांनी नाव छोटं होतं, पण त्यांचं वजन सारखं नाही. ‘ऊ’ हा मायेचा. आई, आजी, मावशी, बहीण, बायको, शेजारीण, सगळ्यांच्या तोंडी तो शोभतो. चिऊ, काऊ, माऊ यांतला ‘ऊ’ तोच. ‘या’ हा बरोबरीचा. तो मित्र मित्राला लावतो, मोठा भाऊ धाकट्याला लावतो, बाप रागावला की मुलाला लावतो. गणू म्हटलं की जवळ घेतलेलं असतं. गण्या म्हटलं की पाठीवर थाप असते, नाहीतर कानपिळी. दोन्हींत प्रेम असू शकतं, पण ‘या’ लावायला आधी बरोबरी लागते.

म्हणून काही ठिकाणी ‘या’ वापरूच नका. माणूस वयानं मोठा असेल तर नाही, मग त्याचे मित्र दिवसभर त्याला पक्या म्हणत असले तरी. त्याचे आईवडील समोर असतील तर नाही. त्याची बायको किंवा मुलं समोर असतील तर मुळीच नाही. पोरांच्या देखत बापाला ‘संत्या’ म्हणणं जुन्या मित्रालाच माफ असतं, आणि समजूतदार मित्रही अशा वेळी ‘संतोष’वर येतो. ऑफिसात एकाच टेबलावर बसणारे दोघं एकमेकांना ‘या’ लावत असतील, तरी तिसऱ्यानं लावायचा नसतो. आणि नाव थोर पुरुषाचं किंवा देवाचं असेल तर चारचौघांत त्याला ‘या’ लावताना सोबतीसुद्धा जपतात. शिवाजी नावाच्या माणसाला ‘शिवा’ म्हणतात, त्यापुढं जात नाहीत.

परवानगी मिळाली हे कसं ओळखायचं? तो माणूस स्वतःबद्दल ते नाव वापरतो. फोनवर ‘अरे, सिदू बोलतोय’ म्हणाला, की रस्ता मोकळा. त्याच्या घरी तुम्ही जेवलात आणि त्याच्या आईनं तुमच्याशी बोलताना ‘आमचा सिदू’ म्हटलं, तर ‘ऊ’ तुम्हाला मिळाला, ‘या’ अजून नाही.

‘पांडू’बद्दल एक वेगळी सूचना. पांडुरंगचं ते साधं घरगुती रूप, पण बोलीत हवालदाराला चिडवण्यासाठीही तोच शब्द आहे. पोलीस खात्यातल्या पांडुरंगरावांना तो वापरू नका.

मुलींची नावं आणि हाकेतला ‘ए’

मुलींच्या नावांत जुना प्रत्यय ‘ई’, नवा ‘ऊ’. सुमनची सुमी, सुशीलाची सुशी, मंगलची मंगी ही आजीच्या वयाची नावं. आताच्या पोरी वैशू, अश्वू, पियू, दिपू असतात. तिशीतल्या वैशालीला ‘वैशी’ म्हटलं तर ते लाडाचं न वाटता ओढल्यासारखं वाटतं. पिढी बघून प्रत्यय निवडा.

ईकारान्त नावाला हाक मारताना ‘ई’चा ‘ए’ होतो: सुमी, पण ‘अगं सुमे’. मंगी, पण ‘ए मंगे’. हा ‘ए’ आईला, सासूला, जिवलग मैत्रिणीला आहे. तुम्ही नवे असाल तर ‘सुमे’ टाळा, कारण त्यात अधिकार ऐकू येतो. नात्याच्या शब्दांना हा नियम लावू नका. ताई ही हाकेतही ताईच, मावशी मावशीच. ‘ताये’, ‘मावशे’ असं नवख्याच्या तोंडून आलं की ऐकणारा गोंधळतो किंवा दुखावतो.

‘ला’, ‘चा’, ‘शी’ लावताना लाडकं नाव बहुधा जसंच्या तसं राहतं: राजूला, सुमीचा, गण्याशी. फसवणारे शब्द वेगळे आहेत, जे मुळात सामान्य नाम आहेत आणि नाव म्हणूनही चालतात. मांजरीच्या पिल्लाला दूध द्यायचं, पण पिल्लू नावाच्या पोरीला हाक मारायची असेल तर ‘पिल्लूला बोलव’. तसंच तान्ह्या ‘बाळाला’ झोप येते, पण बाळू नावाच्या कर्त्या माणसाबद्दल बोलताना ‘बाळूकाकांना’ म्हणायचं. बाळ, लेकरू, पोर यांची हाक बाळा, लेकरा, पोरा किंवा पोरी.

‘रे’ आणि ‘गं’ हे विसरू नका. ‘ये रे बाळा’, ‘बस गं पियू’. यांच्याशिवाय लाडकं नाव उघडंबोडकं वाटतं, आणि चुकीच्या माणसाला लावले तर पूर्ण नावसुद्धा एकेरी होतं. ‘काय रे सिद्राम’ म्हणजे तुम्ही अरेतुरेवर आलात, मग नाव कितीही पूर्ण घ्या.

मुलांशी बोलताना: नपुंसकलिंग आणि उलटी हाक

मराठीत लाड करताना लिंग बदलतं. ‘आमचं पिल्लू जेवलं’, ‘लेकरू दमलं’, ‘सोनं झोपलं माझं’. मुलगा असो की मुलगी, क्रियापद नपुंसकलिंगी. लहान मुलांबद्दल बोलताना हे मोकळेपणानं वापरा. मोठ्या माणसाला मात्र तेच रूप कीव किंवा तुच्छता दाखवतं: ‘बिचारं आलं’, ‘येडं कुठलं’. आणि मुलीला ‘ये रे राजा’, ‘बाळा, इकडे ये’ असं पुल्लिंगी बोलतात, ती चूक नाही, तोही लाडच.

दुसरी गंमत नवख्यांना बुचकळ्यात टाकते. दोन वर्षांच्या पोरीला आजी म्हणते, ‘ये गं माझे आई’, पोराला म्हणते, ‘ये रे बाबा’. लहानाला मोठ्या नात्यानं हाक मारायची ही रीत कन्नड आणि तेलुगू घरांतही तितकीच पक्की आहे. कन्नड बोलणारी आई लेकीला ‘अव्वा’ आणि लेकाला ‘अप्पा’ जोडून बोलावते. तेलुगू घरात छोट्या मुलीला ‘अम्मा’, ‘तल्ली’ म्हणतात, म्हणजे आईच. मुलाला ‘नान्ना’, म्हणजे वडील. शेजारच्या घरातून ‘नान्ना, नान्ना’ ऐकू आलं तर मूल वडिलांना बोलावतंय की वडील मुलाला, हे आवाजावरूनच ओळखावं लागतं. आपल्या मराठी ‘नाना’शी त्याचा संबंध जोडू नका.

तेलुगू घरांत लहानांना बुज्जी, कन्ना, चिन्नी, बंगारम ही नावं. बंगारम म्हणजे सोनं, कन्नडमध्ये बंगारा. ‘चिन्ना’ मात्र तेलुगूत छोटा आणि कन्नडमध्ये सोनं, म्हणून दोन्ही घरांत ते चालतं. परक्यानं घ्यायला हा एकच शब्द बिनधोक आहे. पोरांना खेळवताना मराठी मम्, भुर्र, जोजो, हम्मा, भूभू सगळीकडे समजतात.

मोठ्यांची नावं: अण्णा म्हणजे नेमके कोण?

‘आमचे अण्णा येणार आहेत’ असं कुणी म्हणालं तर ते मोठे भाऊ असतील असं गृहीत धरू नका. एकत्र कुटुंबात मूल जे ऐकतं तेच शिकतं. वडिलांना त्यांचे धाकटे भाऊ ‘अण्णा’ म्हणतात, म्हणून पोरंही अण्णा म्हणतात. तसंच कुणाची आई ‘वहिनी’ असते, कुणाचे वडील ‘दादा’ किंवा ‘भाऊ’. आप्पा, आबा, तात्या, नाना, बापू यांपैकी कुठलंही नाव वडिलांचं, काकांचं किंवा आजोबांचं असू शकतं. ‘अण्णा म्हणजे तुमचे कोण?’ असं सरळ विचारा, यात कुणी वाईट वाटून घेत नाही. तेलुगू ‘ताता’ म्हणजे आजोबा आणि कन्नड ‘अज्जा’ म्हणजे आजोबा, हे लक्षात ठेवा. ताता ऐकून तात्या म्हणालात की आजोबांचे काका होतात.

यांतली बरीच नावं एका जुन्या अडचणीतून आली. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत. मग आईनं मुलाला हाक कशी मारायची? म्हणून तो बाळ, आप्पा, तात्या होतो आणि म्हातारा झाला तरी तेच राहतो. साठीतल्या माणसाला ‘बाळासाहेब’ म्हणतात ते यामुळे.

मल्लप्पा, बसप्पा, शरणप्पा, गंगव्वा, नीलव्वा यांतले ‘अप्पा’ आणि ‘अव्वा’ नावाचाच भाग आहेत. 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी मल्लप्पा धनशेट्टी यांचं नाव शहराला पाठ आहे. अशा नावातला ‘अप्पा’ तोडून ‘मल्ल्या’ करणं हे फक्त लंगोटीयाराचं काम. उलट स्वतःच्या मनानं कुणाच्या नावाला ‘अय्या’ जोडू नका: कन्नड घरांत ते बहुधा जंगम, म्हणजे लिंगायत पुरोहितांच्या, कुळांतल्या नावांत येतं, तेलुगू घरांत राजय्या, नरसय्या अशा नावांत सर्रास. कुठलं कशाचं हे बाहेरच्याला कळत नाही. ‘बावा’ हा तेलुगू शब्दही दूर ठेवा. तो मेव्हण्याला किंवा लग्न जुळू शकेल अशा आते-मामेभावाला म्हणतात, त्यामुळे थट्टा उठते.

‘बे’ कधी?

‘काय बे’, ‘चल बे’, ‘कुठं हाय बे’. सोलापूरकर परगावी भेटला की या एका अक्षरावरून ओळखू येतो. सोबत्यांत त्यात शिवी नाही, उलट ते न म्हटलं तर अंतर पडल्यासारखं वाटतं. पण बाहेरच्यानं स्वतः सुरुवात करायची नाही. समोरच्यानं दोन-तीनदा तुम्हाला ‘बे’ म्हटलं, तुमच्याच वयाचा असला, आणि आसपास कुणी वडीलधारं नसलं, तर तुम्ही म्हणा. बायकांना, वरिष्ठांना, भांडण चालू असलेल्या माणसाला ‘बे’ नाही. भांडणात तो शब्द ठिणगी होतो. तोवर ‘काय राव’ किंवा ‘भावा’ पुरतं.

टोपणनावं जी उचलायची नाहीत

बंडू, पिंटू, गोट्या, छबी, बबडी ही नावं मूळ नावाशी नातं न ठेवता पडलेली असतात आणि निरुपद्रवी असतात. पण जाड्या, काळ्या, टकल्या, चष्मिस अशी शरीरावरून पडलेली नावं, किंवा जातीवरून, धंद्यावरून पडलेली नावं, सगळी गल्ली वापरत असली तरी तुम्ही वापरू नका. तो माणूस हसून ओ देतो, याचा अर्थ त्याला ते आवडतं असा होत नाही.

दगडू, धोंडू, भिकू, केरू यांची गोष्ट निराळी. आधीची मुलं दगावली की या मुलावर दृष्ट पडू नये म्हणून मुद्दाम हलकं नाव ठेवायचे. त्यात आईबापाचा जीव अडकलेला असतो, म्हणून या नावांवर विनोद करू नये. ‘नकोशी’ मात्र दृष्टीसाठी नसे, मुलगी नको होती म्हणून असे. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये अशा दोनशेहून अधिक मुलींची नावं जाहीर कार्यक्रमात बदलली गेली. कुणी तुम्हाला नवं नाव सांगितलं तर जुनं विचारू नका.

घरातली नावं लवकर कशी कळतात

लग्नपत्रिका वाचा, तीही तळापासून. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ या ओळीखाली घरातल्या सगळ्या पोरांची लाडकी नावं छापलेली असतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मोठ्यांचं चालतं नाव अवतरणात असतं. कन्नड किंवा तेलुगू घरात पहिल्यांदा जाणार असाल तर ओळखीच्या माणसाला एवढंच विचारून घ्या: घरातल्या सगळ्यात मोठ्यांना सगळे काय म्हणतात? तेच म्हणा.

ताटावर बसल्यावर लाडाचे शब्द वस्तूंनाही लागतात. चतकोर, घासभर, इवलुसं, एवढुसं, वाटुकलीभर. ‘चतकोरच वाढते’ म्हणणाऱ्या अक्का मापाबद्दल बोलत नसतात, आग्रह करत असतात. पोट भरलं असेल तर कडक भाकरी तोडायला घेतली जाण्याआधीच ताटावर आडवा हात धरा.

कागदावर लाडकं नाव नको

जन्माच्या नोंदीसाठी 21 दिवसांची मुदत आहे आणि त्या वेळी बाळाचं नाव ठरलेलं असण्याची गरज नसते. नाव नंतर घालता येतं: 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क, त्यापुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे रकाना भरायचा म्हणून घाईनं ‘सोनू’ किंवा ‘बाळ’ लिहू नका. शाळेत दाखल करतानाही तेच, कारण शेजारी किंवा आजोबा प्रवेशाला गेले की घरचं नाव सांगून येतात आणि ते दाखल्यावर चढतं. पुढं जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांत तीन नावं झाली की अनेकदा शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो, आणि मग प्रत्येक कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावा लागतो. प्रवेशाला जाताना जन्मदाखल्याची प्रत बरोबर न्या आणि नाव तिच्यावरून अक्षर अन् अक्षर उतरवा. फोनमध्येसुद्धा माणसाचं पूर्ण नाव लिहून लाडकं नाव पुढं ठेवा, नाहीतर तातडीच्या वेळी दवाखान्याच्या खिडकीवर ‘सिदू’ एवढंच सांगता येतं आणि पेशंट सापडत नाही.